राउंड बाकी आहे

आमच्या आळीत कोणाकडे बारसं असलं की बायका बाळाचं नाक कोणावर गेलंय ते बघतात, पुरुष पंगत कधी बसणार ते बघतात, आणि काका बाळाच्या बापाला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारतात, "जन्मदाखल्यावर नाव चढवलंत का? स्पेलिंग आईबापाच्या आधारशी जुळवून घ्या हं. सतरा वर्षांनी धावाधाव नको."

बाळाचा बाप हसतो. त्याला वाटतं, म्हातारा गंमत करतोय. काका गंमत करत नसतात. मेडिकल प्रवेशाच्या बाबतीत काकांनी आयुष्यात एकदाही गंमत केलेली नाही.

त्यांचं खरं नाव पोस्टमनला आणि मतदारयादीला ठाऊक. आळीत ते कटऑफकाका. पेणमध्ये त्यांचा गणपतीचा कारखाना आहे. 'कारखाना' म्हटल्यावर बाहेरच्या माणसाला धुराडं आठवतं. धुराडी तिकडे रोह्याला, धाटावच्या एमआयडीसीत. पेणमध्ये कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, बांबूच्या माळा, आणि छतापर्यंत रांगेने बसलेले बाप्पा. हमरापूर-जोह्याकडून कच्च्या मूर्ती येतात, काका त्यांचं रंगकाम करतात, आणि शेवटची डोळ्यांची आखणी स्वतः करतात. ती दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. "काका डोळे फार सुंदर काढतात," हे वाक्य पेणमध्ये कौतुकाचं आहे. इतर गावांत या वाक्यावर पोलीस येतील.

कारखान्यात एक लांबोडकं रजिस्टर असतं. पुढच्या बाजूने उघडलं तर बुकिंग : बारा इंची, बैठी, लाल पितांबर, ॲडव्हान्स पाचशे, डोंबिवली. तेच उलटं करून मागून उघडलं तर कॉलेजांची नावं, कॅटेगरी, कोणत्या राउंडला किती रँकवर क्लोजिंग झालं ते. दोन्ही बाजू दरवर्षी एकमेकींकडे सरकत येतात, आणि ऑगस्टमध्ये कुठेतरी मधल्या पानांवर भेटतात. एकदा दादरच्या गिऱ्हाइकाने फोनवर विचारलं, "आमची मूर्ती झाली का हो?" काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "तुमचं... दुसऱ्या राउंडला होऊन जाईल. काळजी करू नका."

हे वेड उपजत नाही. २०२२ पर्यंत काकांना नीट हा शब्द फक्त "नीट बस" एवढ्यापुरता माहीत होता. लेकीने दहावीनंतर डॉक्टर व्हायचं जाहीर केलं आणि घरात कामांची वाटणी झाली. अभ्यास लेकीने करायचा. काकूंनी रात्री दीडला चहा करायचा. काकांना काय उरलं? फिजिक्समधलं त्यांना न्यूटनचं सफरचंद तेवढं ठाऊक, तेही रंगवायला दिलं तर. म्हणून त्यांनी कागदपत्रांचं खातं घेतलं. लेकीच्या खोलीत दिवा जळायचा आणि बाहेर ओटीवर काका शासन निर्णय वाचत बसायचे. आत बायोलॉजी, बाहेर नॉन-क्रिमीलेअर. दोघांचा एकाच वेळी अभ्यास चालू आहे असं दाराबाहेरून जाणाऱ्याला वाटे, आणि ते काही खोटं नव्हतं.

त्या काळातली त्यांची सर्वांत मोठी लढाई जात वैधतेची. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. ही तारीख काकांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे, हे काकूंनीच मला सांगितलंय, आणि ज्या स्वरात सांगितलंय तो इथे लिहिता येत नाही. काकांचे आजोबा शाळेत गेले होते, पण दोनच वर्षं. तेवढ्या दोन वर्षांसाठी काकांनी गावच्या शाळेच्या चार चकरा मारल्या. जुनं रजिस्टर निघालं, वाळवीने पानाचा डावा कोपरा खाल्लेला. आजोबांच्या नावाचं पहिलं अक्षर वाळवीच्या पोटात गेलेलं, पण जातीचा रकाना शाबूत! काका सांगतात, त्या दिवशी त्यांना वाळवीबद्दल मनापासून आदर वाटला. आजोबा शाळा सोडून पळाले म्हणून पणजोबांनी त्यांना बदडलं होतं, अशी आख्यायिका घरात होती. "पण पळायच्या आधी नाव घातलं होतं ना!" काका म्हणतात. "नाव घातलं हे महत्त्वाचं. शिकले की नाही, ते गौण."

तेव्हापासून काका भेटले की "कसं काय?" विचारत नाहीत. पहिला प्रश्न, "व्हॅलिडिटी निघाली?" दुसरा, "ओरिजिनल कुठे ठेवलंय?" आपण म्हणतो, कपाटात आहे. काका म्हणतात, "लॅमिनेट तर नाही ना केलंत?" आणि आपण केलेलं असतं. त्यानंतरची काकांची शांतता ज्याने अनुभवली त्याने दुसरा कागद लॅमिनेट केलेला नाही.

त्यांची फाइल हा स्वतंत्र विषय आहे. पेणचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल. आत झेरॉक्सचे तीन सेट, ते निळ्या फोल्डरमध्ये, फोल्डर मिठाईच्या दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी पोह्याच्या पापडांच्या मोठ्या पिशवीत, आणि ती कापडी झोळीत. लेकीचा डोमिसाइल काढून दाखवायला काकांना साडेतीन मिनिटं लागतात, आणि त्याला अजूनही पापडखाराचा वास येतो.

५ मे २०२४, रविवार. परीक्षा दुपारी दोनला, गेट दीडला बंद. सेंटर नवी मुंबईत. काका आदल्या दिवशी जाऊन गेट बघून आले. गेट आहे, हे बघून आले. घरी महिनाभर रंगीत तालीम चालली होती : अर्ध्या बाह्यांचा फिका कुडता, पायात साधी चप्पल, आरपार दिसणारी पाण्याची बाटली, कानात काही नाही, केसात पिन नाही. काका दारात उभे राहून लेकीची झडती घ्यायचे. एकदा तिने चिडून विचारलं, "बाबा, आत पेपर मी लिहायचाय की तुम्ही?" काका म्हणाले, "तू लिही गं. मी फक्त तुला आत पोचवतो."

दोनच दिवसांनी, ७ मेला, रायगड लोकसभेचं मतदान होतं. मतदान केंद्रावर काकांच्या डाव्या तर्जनीला शाई लावायला अधिकाऱ्याला जागा सापडेना. बोटावर आधीच किरमिजी, वर सोनेरी, नखाशी पिवळा. शेवटी अधिकारी म्हणाला, "काका, तुम्ही आधी मत देऊन तर नाही ना आलात? तीन पक्षांना?"

निकाल १४ जूनला लागायचा होता. लागला ४ जूनला, लोकसभेच्या मतमोजणीच्याच दिवशी. चहाच्या टपरीवर टीव्हीभोवती सगळं गाव, तटकरे किती पुढे, गीते किती मागे. तेवढ्यात काका शेडमधून मोबाइल हातात धरून धावत आले. कुणीतरी ओरडलं, "काका, लीड किती?" काका म्हणाले, "लीड नाही रे, रँक!" पुढचं वाक्य त्यांना बोलता येईना. डोळ्यांत पाणी, आणि पुसायला गेले तर गालाला सोनेरी रंग. मार्क किती ते त्यांनी आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. सहाशेच्या पुढे बरेच, एवढं कळलंय. आधार नंबर विचारलात तर पटकन सांगतील.

त्या वर्षी सहाशेच्या पुढे बरेच असूनही घराघरात सुतक होतं, कारण देशात सदुसष्ट जणांना सातशेवीसपैकी सातशेवीस पडले होते. शिवाय काहींना सातशे अठरा, सातशे एकोणीस. काकांनी टपरीवर पावडरच्या डब्याच्या झाकणावर खडूने समजावलं, "बरोबर आलं तर चार. चुकलं तर वजा एक. सगळं बरोबर, सातशेवीस. एक सोडलं, सातशे सोळा. एक चुकलं, सातशे पंधरा. मग अठरा-एकोणीस आले कुठून?" टपरीवाला म्हणाला, "माझ्या उधारीच्या वहीतनं." पुढे कळलं, वेळ वाया गेला म्हणून काही मुलांना ग्रेस मार्क दिले होते. ते रद्द झाले, त्यांची फेरपरीक्षा झाली, पेपरफुटीच्या बातम्या, मोर्चे, कोर्ट. जून-जुलै पेणमध्ये गणपतीच्या रंगाचे दिवस. काका ब्रश चालवत आणि समोर डब्यावर टेकवलेल्या मोबाइलवर सर्वोच्च न्यायालय चालू. "आपले चंद्रचूडसाहेब बघतील बरोबर," असं ते मूर्तींना सांगत. मूर्तींचं यावर काही म्हणणं नसे.

आता जरा अणूबद्दल बोलायला हवं, कारण या गोष्टीत अणू आहे. फिजिक्सच्या पेपरात एक प्रश्न होता, दोन विधानांचा. दुसरं विधान असं की, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वर्णपट देतात. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत 'प्रत्येक' होतं, नव्या आवृत्तीत 'बहुतेक' झालं. जुनं पुस्तक वाचलेल्या मुलांनी जुन्याप्रमाणे उत्तर दिलं, नव्याने नव्याप्रमाणे. परीक्षा घेणाऱ्यांनी दोन्ही उत्तरं बरोबर धरली होती. कोर्टाने दिल्लीच्या आयआयटीला तीन तज्ज्ञ बसवायला सांगितलं, आणि २३ जुलैला उत्तर आलं : बरोबर एकच, नव्या पुस्तकातलं. परीक्षा रद्द होणार नाही, हेही त्याच दिवशी ठरलं. टपरीवर आनंद. पण जुन्या पुस्तकातली लाखो पोरं एका शब्दाने खाली आली. मिळालेले चार गेले, वर वजा एक. सदुसष्टांचे शेवटी सतरा उरले.

लेकीचेही पाच मार्क गेले. काका काही बोलले नाहीत, आणि काका काही बोलले नाहीत याच गोष्टीची आळीत जास्त चर्चा झाली. त्या संध्याकाळी ते एका दीड फुटी मूर्तीची आखणी करत होते. तीस वर्षांत पहिल्यांदा बाप्पाचा उजवा डोळा सुतभर बाहेर गेला. ती मूर्ती त्यांनी विकली नाही. त्या वर्षी घरी तीच बसवली. काकू आरती करताना म्हणायच्या, "हा माझ्याकडे बघतच नाही. सारखा त्या रजिस्टराकडे बघतोय."

मग आला पसंतीक्रम. हा शब्द आपल्याला लग्नाच्या संदर्भात माहीत. मेडिकलमध्ये तो जास्त गंभीर असतो, कारण इथे घटस्फोट घेतला तर डिपॉझिट जातं. काकूंचं म्हणणं, पहिलं अलिबाग. पेणहून तासाभराचं अंतर, आणि २०२१ साली सुरू झालेलं सरकारी कॉलेज, शंभर जागा. "दुपारी डबा नेऊन देता येईल." लेकीचं म्हणणं, आधी मुंबईतली सगळी, मग पुणे, मग अलिबाग. काकांचं म्हणणं, जे हवंय ते वर. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. अलिबाग कितवं यावरून घरात जेवढी खळबळ झाली तेवढी लेकीच्या भावी लग्नाच्या वेळी होणार नाही.

पहिली यादी ऐन गणपतीच्या तोंडावर आली आणि तिच्यात लागलं गोंदिया. विदर्भ एक्स्प्रेसचं शेवटचं स्टेशन. "एक बरं आहे," काका म्हणाले, "झोप लागली तरी पुढे जाणार नाही." जॉइन करून बेटरमेंट ठेवायचं तर प्रत्यक्ष जायलाच हवं. चतुर्थी ७ सप्टेंबरला, शेडमध्ये चाळीस मूर्ती रंगून तयार पण डोळ्यांवाचून, आणि काका लेकीला घेऊन महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला! गिऱ्हाइकांचे फोन काकूंनी घेतले. "मूर्ती तयार आहे हो, नुसते डोळे येणार आहेत," असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या. कल्याणचं एक गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, "मग वहिनी, जवळ येऊ ना? संसर्ग तर नाही?" काका परत आले ते रात्रभर बसून त्यांनी चाळीस जोड्या डोळे काढले. त्यातल्या एकाही बाप्पाच्या नजरेत झोप नव्हती. काकांच्या होती.

दुसऱ्या राउंडला सिंधुदुर्ग लागलं. अलिबाग अगदी थोडक्यात राहिलं. किती थोडक्यात ते काकांच्या रजिस्टरात मागून तिसऱ्या पानावर लाल शाईने लिहिलंय, आणि त्या पानावर बोट ठेवलं की ते पान उलटतात. फीचा प्रश्न नव्हता. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क माफ झालं होतं, आणि तो निर्णय काकांच्या झोळीत, पापडाच्या पिशवीच्या आतल्या पिशवीत, होताच.

ते दोघं सिंधुदुर्गला निघाले त्या सकाळी माझा या कथेत प्रवेश होतो. ते रोह्याहून दिवा-सावंतवाडी गाडी धरणार होते, आणि गाडीला वेळ होता म्हणून माझ्या ताईकडे चहाला थांबले. रोहा म्हणजे कोकण रेल्वेचा आरंभ. पुढचे सगळे बोगदे तिथून. ताईचा मुलगा तेव्हा बारावीत. चहा अर्धा झाला नव्हता तोवर काकांनी विचारलं, "कॅटेगरी काय?" भावोजी धाटावच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेले, अर्धे झोपेत. ते म्हणाले, "साखर कमी." काकांनी कपाळाला हात लावला आणि ताईला यादी लिहून दिली. गाडी आली तेव्हा ती यादी चौदाव्या मुद्द्यावर होती. काका खिडकीतून ओरडत गेले, "वडिलांच्या नावाचं स्पेलिंग! गॅझेट करून घ्या!"

त्यांची भीती रास्त निघाली. भावोजींचं नाव दाखल्यावर एक, आधारला दुसरं, आणि कंपनीच्या ओळखपत्रावर तिसरंच होतं. तीन माणसं एका घरात राहत होती आणि ताईने तिघांनाही वीस वर्षं जेवू घातलं होतं.

भाच्याची परीक्षा ४ मे २०२५ ला. फिजिक्स असं आलं की पोरगं बाहेर येऊन बापाच्या खांद्यावर रडलं. ताईचा मला फोन, माझा काकांना. काका शांत. "पेपर सगळ्यांनाच कठीण असतो तेव्हा तो सोपा असतो," म्हणाले. मला हे अध्यात्म वाटलं. १४ जूनला निकाल लागला तेव्हा कळलं की गणित होतं. देशात कोणालाच सातशेवीस नाहीत. पहिला आलेला सहाशे शहाऐंशीवर थांबला होता. भाच्याचे मार्क गेल्या वर्षीच्या मानाने एवढे कमी की ताईने पेढ्यांची ऑर्डर रद्द केली. काकांनी फोनवर एकच विचारलं, "रँक सांग." भाच्याने सांगितली. पलीकडे रजिस्टरची पानं फडफडल्याचा आवाज. मग काका म्हणाले, "पेढे परत सांगा. पण अर्धा किलो. राउंड बाकी आहेत."

मग ते रोह्याला आले. मेमूने आले, झोळीसकट. ताईच्या जेवणाच्या टेबलावरचं सगळं उचलायला लावलं आणि कागद एका रांगेत मांडले, आपल्या शेडमध्ये मूर्ती मांडतात तसे. एकेकासमोर थांबून, मान तिरकी करून बघत गेले. भाच्याचे नव्वद वर्षांचे पणजोबा आरामखुर्चीत होते. त्यांचा एकच मुद्दा असतो. "चिंतामणराव देशमुख लहानपणी इथे रोह्यातच होते. १९१२ साली मॅट्रिकला इलाख्यात पहिले. मग आयसीएसला पहिले. कुठला क्लास होता?" काका आदराने म्हणाले, "बरोबर आहे, आजोबा. पण त्यांना पसंतीक्रम भरावा लागला नव्हता." पणजोबांना ते पटलं असावं, ते झोपले.

पसंतीक्रमावर भावोजी अडले. ते केमिकल प्लांटमध्ये काम करणारे, धोका टाळणारे. त्यांचं म्हणणं, जे नक्की मिळेल ते पहिल्या नंबरावर टाकू, म्हणजे हातचं जाणार नाही. काकांनी ताईकडे बघितलं. "वहिनी, पंगतीत वाढपी आला आणि तुम्ही श्रीखंड मागितलंत. श्रीखंड संपलं असेल तर तो वरणभात वाढतो की ताट उचलून नेतो?"

"वरणभात वाढतो."

"आणि तुम्ही आधीच वरणभात मागितलात तर?"

"श्रीखंड पुढच्या पानात जातं."

"झालं," काका भावोजींना म्हणाले. "यंत्र म्हणजे वाढपी. आधी श्रीखंड." सरकारी पुस्तिकेत हेच बत्तीस पानांत छापलेलं आहे, आणि मी ती दोनदा वाचूनही मला कळलं नव्हतं.

ताईने धावीर महाराजांना नवस बोलला होता, मुंबईतलं कॉलेज मिळू दे म्हणून. काकांनी तेही तपासलं. "नवसात कॉलेजचं पूर्ण नाव सांगितलंत ना? नाहीतर मुंबई म्हणून नवी मुंबईतलं डीम्ड मिळेल, आणि तिथली फी भरायला महाराजांना पालखी विकावी लागेल." ताई दुसऱ्या दिवशी देवळात जाऊन दुरुस्ती करून आली.

त्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला होती. यादी लागली तेव्हा मी कारखान्यातच होतो. काका स्टुलावर, समोर लालबागच्या धर्तीची तीन फुटी मूर्ती, ब्रशाच्या टोकावर काळा थेंब. माझा फोन वाजला. भाचा होता. "मामा, अलिबाग!"

मी काकांना सांगितलं. ब्रश हवेत थांबला. थेंब पडला नाही. काकांचा हात तेवढा कसलेला आहे. ते थोडा वेळ मूर्तीच्या कोऱ्या डोळ्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चांगलं झालं. डबा पोचवता येईल तुझ्या ताईला." मग आखणी पुरी केली. मग स्टुलावरून उतरले, रजिस्टर उलटं उघडलं, क्लोजिंगचा आकडा लिहायला जागा शोधली. मला म्हणाले, "स्टेटस रिटेन्शन भरून हीच जागा पक्की करायची घाई करू नका म्हणावं. राउंड बाकी आहे."

लेक आता सिंधुदुर्गच्या कॉलेजात, ओरोसला, एमबीबीएस करतेय. रोज फोन करते. परवा म्हणाली, "बाबा, एकदा शुगर तपासून घ्या." काकांनी विचारलं, "फास्टिंगचा कटऑफ किती?" शंभर, ती म्हणाली. काका म्हणाले, "ओपनला की आपल्याला?" फोन ठेवताना ती हसत होती. पण तपासणी अजून झालेली नाही, आणि काकू म्हणतात, यांचा तिथला पहिला राउंडच झालेला नाही.

गणपती झाले की काकांकडे पुढच्या वर्षीची पोरं यायला लागतात. एका रिक्षावाल्याची मुलगी आली, अकरावीतली, लेकीची जुनी पुस्तकं मिळतील का विचारायला. काकांनी माळ्यावरून गठ्ठा उतरवला. बायोलॉजी दिलं, केमिस्ट्री दिलं, नोट्स दिल्या, एक न वापरलेली आरपार बाटलीसुद्धा दिली. फिजिक्स दिलं नाही. "ते नवं घेऊन देतो," म्हणाले. पोरगी म्हणाली, "जुनं चालेल की काका." काका म्हणाले, "नाही चालत," आणि शेडमध्ये निघून गेले. जरा जोरातच म्हणाले.

मी काकूंकडे बघितलं. त्या कोरड्या रंगाची पावडर चाळत होत्या. चाळता चाळता म्हणाल्या, "ती म्हणत होती, नवं घेऊ. यांनी पलीकडच्या आळीतल्या पोराकडून जुनं आणलं. शंभर रुपयात. म्हणाले, फिजिक्स काय दरवर्षी बदलतं का!"

आता काका दर जूनला नव्या पुस्तकांचा गठ्ठा आणतात, कोणाला द्यायचं ते नंतर ठरवतात. दुकानदाराला पुस्तक हातात आलं की आधी छपाईचं पान उघडून दाखवावं लागतं. मग काका चष्मा खाली घेतात आणि साल वाचतात. माझ्या भाच्याचंही त्याच दुकानातून आलं होतं. तो म्हणतो, काकांनी अणूच्या धड्यातला एक शब्द त्याला स्वतः बोट ठेवून वाचायला लावला होता आणि का ते सांगितलं नव्हतं.

आणि ते शंभर रुपयांचं पुस्तक? यंदा काकांनी कागदाच्या लगद्याची एक मूर्ती करायला घेतली, हौस म्हणून. शेडच्या कोपऱ्यात बादली, बादलीत वर्तमानपत्रं, जुनी बुकिंगची रजिस्टरं, आणि त्यांच्यावर ते फिजिक्स. तीन दिवस भिजलं. काका सांगतात, अणूच्या धड्याचं पान सगळ्यात आधी विरघळलं. काकू सांगतात, तसं काही नाही, सगळी पानं सारखीच भिजली.